चमचाभर

आईला वास येत नाही.
डॉक्टर म्हणाले, वय झालं.
आई म्हणाली, वय नाही हो,
केबिन चारशे बारा.

सव्वीस वर्षं तिनं स्टॉकहोमच्या जहाजावर
अनोळखी माणसांच्या रात्री पुसल्या:
सांडलेली बिअर, उलटीचे डाग,
आरशावर उमटलेली कुणाच्या तरी लेकराची बोटं.
जहाज तुर्कूच्या धक्क्याला लागलं की
एका केबिनला सात मिनिटं.
खिडक्या उघडायच्या नसतातच जहाजात.
एकदा राइलीनं घाईघाईत
पांढऱ्या बाटलीवर निळी बाटली ओतली.
एकेकटी असताना दोघीही गुणाच्या,
भेटल्या तशा जिवावर उठल्या.
आईनं राइलीला काखेत धरून
फरफटत बाहेर आणलं.
राइली वाचली.
आईचं नाक त्या चिंचोळ्या न्हाणीतच राहिलं.

फॉर्मवर सुपरवायझरनं लिहिलं: किरकोळ.

म्हणून मी दुकानात चष्मा लावून उभी असते,
मागची गिऱ्हाईकं खाकरेपर्यंत.
बाटलीवर पान आहे, दवबिंदू आहे, हसरं बदक आहे.
पाठीमागे मुंग्यांची रांग:
एकवीस नावं, एकही जिभेवर टेकत नाही.
वासाचं नाव 'डोंगरातली सकाळ'.
कुठल्या डोंगरात उजाडतं बाई
इतकं डोळे चुरचुरवत?
पान तर कुणीही छापेल.
मी हंसाचा शिक्का शोधते,
नाहीतर व्हिनेगरची बाटली, सोड्याची पुडी,
आणि दोन्ही एकत्र करत नाही,
कारण मग उरतं ते खारट पाणी
आणि आपल्याला वाटलेली मजा.
आई टोपलीत डोकावते:
"सफाई करणार आहेस की कोशिंबीर?"

जुलैत आम्ही सतरंज्या धुतो.
चिंध्यांच्या, आईनंच मागावर विणलेल्या.
निळा पट्टा बाबांच्या सदऱ्याचा,
पांढरा जहाजातल्या टाकून दिलेल्या चादरींचा.
मी लहान होते तेव्हा थेट धक्क्यावर घासायचो,
पाइनचा पिवळा साबण, गुडघ्यापर्यंत फेस,
आणि फेस चालला समुद्रात बदकांसारखा.
झाडातून आलेलं, त्याचं काय एवढं!
असंच म्हणायचे सगळे.
आता खाडीवर हिरवट साय धरते,
कुत्र्यांना पाण्यात सोडू नका अशी पाटी लागते.
एकट्या साबणानं नाही झालं ते,
शेतांनी केलं, जहाजांनी केलं,
पण आमची बादलीही त्यात होती.
धुण्याची जागा वर खडकावर गेली आहे,
सिमेंटचे हौद, खाली नळी,
नळी शहराच्या गाळणीकडे.

तौनो अजून कुरकुरतो,
"पाइनचाच साबण ना? विष थोडंच आहे!"
आई ब्रश थांबवत नाही.
"पाहुणा कितीही गुणी असो, तौनो,
माशांच्या घरात रोज शिरू नये त्यानं."

मी मात्र निर्धास्त.
नळी आहे, गाळणी आहे, हंस आहे,
बाटली तिरपी केली, धार लागली.
आईनं मनगट धरलं.
भेगाळलेला हात, अंगठ्याला नख धड नाही.
"चमचाभर."
"आई, हा चांगला आहे."
"म्हणूनच. चांगल्याच्या नावाखाली
फार ओततो आपण.
फेस दिसायला असतो.
मळ कोपरानं निघतो."

मग कोपरानं काढला.
तासभर. पाठीचा कणा
एकेक मणी मोजून सांगत होता.

ओली सतरंजी तिनं नाकाशी नेली,
जुनी सवय, मोडत नाही.
माझ्याकडे सरकवली.
"कसला वास येतोय?"
मी नाक खुपसलं.
ओलं सूत. थोडी डांबरासारखी राळ,
तीही जाता जाता.
"कसलाच नाही."
तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं,
जहाज लागल्यावर दोर होतो तसं.
"मग आपल्याला सारखंच कळलं," ती म्हणाली.
"आता उलटी कर.
दुसरी बाजू राहिली आहे."